उचलून नेता येणारी छत्रीची बैठक: वजन, रुंदी आणि मधल्या भानगडी

उघड्यावरच्या छत्रीसाठी बैठक बनवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलोची लागेल?" आम्ही याचं उत्तर लगेच देत नाही. आधी तीन मापं मागतो. छत्री उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत किती, दांडा बाहेरून किती मिलिमीटरचा, आणि बैठकीला जमिनीवर किती जागा मिळणार. तिसरं माप कोणी मोजून आणत नाही, पण बैठक टिकणार की कलंडणार हे मुख्यतः त्यावरच ठरतं.

हिशेब एका नेहमीच्या छत्रीवर मांडू. अष्टकोनी, २.७ मीटर, दांडा ३८ मिमी, छत्रीचं स्वतःचं वजन ८ किलो. वाऱ्याचा दाब काढायला वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६१३ ने गुणायचं. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, तेव्हा दाब ६१. बाजूने पाहिल्यावर या छत्रीचं कापड, उतार आणि झालर धरून, साधारण १ चौरस मीटर दिसतं. आकाराचा गुणक १.२ धरला की आडवा रेटा होतो ७३ न्यूटन. तो जमिनीपासून २.२ मीटर उंचीवर लागतो असं मानलं तर छत्री उलथवणारा जोर १६० न्यूटन-मीटर.

एवढ्यावर भागत नाही. वारा कापडाखाली शिरून छत्री वर उचलू पाहतो. वरून पाहिलं तर कापड ५.१५ चौरस मीटर आहे. उचलीचा गुणक ०.४ घेतला तर १२६ न्यूटन, म्हणजे बैठकीवरचं जवळपास १३ किलो वजन वाऱ्याने काढून घेतलं. हे गुणक कामापुरते आहेत. कापडाचा उतार बदलला किंवा शेंड्याला हवा निघून जायची फट असली की ते बदलतात, पण बैठकीची मापं ठरवायला पुरतात.

आता बैठक. ६० किलोची, ५० सेमी चौरस. ती कडेवर कलंडते, आणि मध्यापासून कड २५ सेमीवर. छत्रीसकट ६८ किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.२५ म्हणजे १६७ न्यूटन-मीटर. त्यातून उचलीचे ३२ गेले, उरले १३५. समोर १६० उभे आहेत. म्हणजे ही बैठक कलंडणार, आणि हिशेबाने ताशी ३३ किमीच्या वाऱ्यालाच. तेच ६० किलो ८० सेमी चौरसावर पसरले तर कड ४० सेमीवर जाते, २६७ वजा ५०, हातात उरतात २१७. ही बैठक ताशी ४० किमीपर्यंत उभी राहते. ५० सेमीच्या बैठकीकडून एवढंच काम करून घ्यायचं तर तिला ९० किलोंवर न्यावं लागेल. रुंदी ३० सेमीने वाढवली म्हणून ३० किलो उचलायचे वाचले; हलवायच्या बैठकीत याहून स्वस्त सौदा नाही.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून थांबायचं कुठे तेही आधीच ठरवून टाकावं. ताशी ३६ वरून ५४ किमी झाले की जोर सव्वादोन पट. बोफोर्टच्या मोजपट्टीत ५ क्रमांकाचा वारा ताशी २९ ते ३८ किमीचा, त्यात पालवी असलेली लहान झाडं झुलू लागतात. ६ क्रमांकाच्या वर्णनात तर हातातली छत्री सांभाळणं अवघड जातं हीच एक खूण दिलेली आहे. आमचा नियम असा, की लहान झाडं झुलू लागली की छत्री मिटायची, आणि बैठक मात्र त्यापुढच्या झोतांचा हिशेब धरून करायची. वादळातही उघडी राहील अशी छत्री हवी असेल तर जमिनीत पाया घ्यावा. उचलून नेता येणाऱ्या बैठकीचं ते काम नव्हे.

आकार: कमजोर दिशा शोधणं

वारा सोयीच्या दिशेने येत नाही, त्यामुळे बैठक तिच्या सगळ्यात कमजोर दिशेला जेवढी टिकते तेवढीच तिची ताकद. चार हातांच्या फुलीची कमजोर दिशा दोन हातांच्या मधोमध असते. बैठक कलंडताना दोन शेजारच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेवर उलटते, आणि ती रेषा मध्यापासून हाताच्या लांबीच्या ०.७१ पट अंतरावर असते. ५७ सेमीचा हात असेल तर मोजायचे ४० सेमी. तीन हात ठेवले तर हे अंतर निम्मंच, २८ सेमी. तिपाईच्या धर्तीची बैठक दिसायला रुंद वाटते, खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही हे खरं, पण छत्रीसाठी आम्ही ती घेत नाही. सहा हात केले तर ०.८७ पट मिळतं, मात्र पायात येणारी टोकंही सहा होतात.

बाजूला दांडा असलेल्या मोठ्या छत्र्यांना बऱ्याचदा १ मीटरची फुली येते, आणि तिच्या चार चौकटींत ५० × ५० × ५ सेमीच्या चार फरशा ठेवायच्या असतात. एकेक फरशी २९ किलोच्या आसपास, चार मिळून ११५ च्या पुढे. वरून पाहिलं तर १ मीटरचा चौरस दिसतो म्हणून कड ५० सेमीवर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात फुलीच्या टोकांना जोडणारी रेषा ३५ सेमीवर आहे. फरशांचे बाहेरचे कोपरे हवेत लोंबतात आणि कलंडण्याच्या रेषेच्या पलीकडे पडतात.

याहून वाईट चूक जास्त वेळा दिसते. फरशी फुलीच्या हातांवर टेकण्याऐवजी हातांच्या मधे जमिनीवर पडलेली असते. अशी फरशी बैठकीचा भागच नाही. वाऱ्याकडचा हात उचलला जातो, फरशी जागच्या जागी राहते. बैठक उचलली गेली तर वजन तिच्यासोबत उचललं जाईल अशीच रचना हवी. म्हणजे प्रत्येक वजनाखाली बैठकीचं लोखंड गेलेलं असलं पाहिजे. चारही पायांखाली १० मिमीची पट्टी सरकवून बैठक उचलून धरली आणि एखादा ठोकळा जमिनीवरच राहिला, तर तो हिशेबातून बाद.

एक गैरसमज उलट बाजूचाही आहे. वजनं मध्याला न ठेवता टोकांना ठेवली की बैठक जास्त टिकते असं मानतात. चारी बाजूंना सारखी ठेवली असतील तर कलंडण्याच्या हिशेबात काही फरक पडत नाही. कडेजवळच्या ठोकळ्याचा उपयोग कमी होतो, पलीकडच्याचा तेवढाच वाढतो. महत्त्वाचं असतं ते एकूण वजन आणि पाय कुठे टेकलेत ते.

म्हणून आम्ही फुली सोडून चौकटीवर आलो. ४० × ४० × ४ मिमीच्या लोखंडी अँगलची ८० सेमी चौरस चौकट. अँगलची एक बाजू उभी, बाहेरच्या अंगाला, आणि दुसरी आडवी, आत वळलेली. आत त्याच अँगलची फुली, पण प्रत्येक हात दोन अँगल पाठीला पाठ लावून केलेला, म्हणजे खाली दोन्हीकडे ४ सेमीचा कट्टा मिळतो. अशा चार खणांत चार ठोकळे चारी कडांनी लोखंडावर बसतात आणि ४ सेमी उंचीचा काठ त्यांना सरकू देत नाही. पाय चार कोपऱ्यांना. अँगलचं वजन मीटरला २.४ किलो, त्यामुळे चौकट, फुली, मधली प्लेट आणि नळी मिळून १८ किलो होतात. एका माणसाने काखेत मारून न्यावी एवढं.

वेल्डिंगचा क्रम महत्त्वाचा. एक बाजू पूर्ण भरून मग दुसरी घेतली तर चौकट पिळते आणि एक पाय अधांतरी राहतो. सपाट टेबलावर चारी कोपरे क्लॅम्पने दाबून आधी सगळीकडे टाके मारायचे, कर्ण मोजायचे, दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक नसेल तरच समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने भरायचं.

वजन कशाचं

घनतेचे आकडे साधे आहेत. २० लिटरच्या टाकीत पाणी २० किलो, कोरडी वाळू ३० ते ३२, आणि तीच वाळू पाण्याने गच्च भिजवली तर ३८ ते ४०, कारण वाळूच्या कणांमधली सुमारे ४० टक्के जागा मोकळी असते ती पाण्याने भरते. काँक्रीट लिटरला २.३ ते २.४ किलो, ग्रॅनाइट २.७, लोखंडी प्लेट ७.८५. ५०० × ५०० × १० मिमीची प्लेट १९.६ किलोची.

पाण्याच्या टाक्या रोज जागा बदलणाऱ्यांसाठी बऱ्या. नळ जवळ असेल तर बैठक रिकामी नेता येते. पण टाकी भरायची तर पूर्ण भरावी. अर्धी टाकी कलंडू लागली की आतलं पाणी कलंडत्या बाजूलाच धावतं आणि जिथे वजन नको तिथेच जमा होतं. बर्फ पडतो तिथे मात्र एक दशांश जागा मोकळी सोडावी, कारण गोठताना पाणी ९ टक्के फुगतं आणि टाकीचा सांधा उकलतो. मीठ घालून गोठण टाळायचा सल्ला मिळतो, तो लोखंडी भाग जवळ असताना घेऊ नये. वाळू भरलेली टाकी मात्र हलवायची बैठक उरत नाही. ओली वाळू २५ मिमीच्या बुचातून बाहेर येत नाही; वाळू भरायचीच असेल तर तोंड निदान ६० मिमीचं हवं. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांत भरून ठेवली तर उन्हाने काही महिन्यांत पोत्याचे धागे तुटतात आणि वाळू फरशीभर होते.

आम्हाला काँक्रीटचे ठोकळे सोयीचे वाटतात. चौकटीच्या एका खणात आतून ३९ सेमी मिळतात, ठोकळा ३८ × ३८ × ५ सेमीचा. मधल्या नळीच्या बाजूचा कोपरा ११ सेमीवर तिरका कापलेला. वजन सव्वासोळा किलो. हिशेबाला खरं तर कमी वजनावर भागलं असतं, पण ५ सेमीपेक्षा पातळ ठोकळा खाली ठेवताना कोपऱ्यावर आपटला की फुटतो. चार ठोकळे ६५ किलो, चौकट १८, एकूण ८३. पाय कडेपासून ३ सेमी आत असल्यामुळे कलंडण्याचं अंतर ४० नसून ३७ सेमी धरायचं. तरी छत्रीसकट ३३० न्यूटन-मीटर मिळतात, आणि ही बैठक हिशेबाने ताशी ४५ किमीपर्यंत उभी राहते.

ठोकळा १६ किलोंचाच का? अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सगळं आदर्श असतानाही उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. आपला ठोकळा जमिनीवरून, वाकून, अंगापासून लांब धरून उचलायचा असतो, म्हणजे आदर्शातलं काहीच नाही. २५ किलोचे ठोकळे केले तर काही दिवसांनी चारातले दोनच लावलेले दिसतात.

चार ठोकळ्यांना सिमेंट १०.५ किलो, वाळू १४.५ लिटर, १० मिमीची खडी २१.५ लिटर, पाणी ५ लिटरपेक्षा थोडंसंच जास्त. पाणी वाढवून मिश्रण सैल करण्याचा मोह इथे नडतो. कडा भुसभुशीत होतात आणि आधी तिथूनच झडतात. सळई ६ मिमीची, १० सेमी अंतराची जाळी, जाडीच्या बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे जवळपास २ सेमी आवरण राहतं. जाळी साच्याच्या तळाला टेकली तर पहिल्या पावसाळ्यातच खालून गंजाचे डाग उमटतात. हाताची खाच करायला साच्यात थर्मोकोलचे ११ × ३ सेमीचे तुकडे उभे करायचे आणि नंतर कोरून काढायचे. वर येणारी सळईची कडी लावू नये. ती पायात येते, आणि ठोकळे एकावर एक रचता येत नाहीत. साच्याला तेल, कडांना १ सेमीची तिरकी पट्टी, ओतल्यावर साचा चारी बाजूंनी ठोकून हवा काढायची, दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा, निदान ७ दिवस ओलं ठेवायचं. पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. तोवर फेकाफेक नको.

नळी आणि दांडा

बैठक भक्कम असूनही छत्री डोलते, तेव्हा दोष बहुतेक वेळा नळीत असतो. ३८ मिमीच्या दांड्याला ४८.३ मिमी बाहेरचा, ३.२ मिमी जाडीचा पाइप घेतला तर आत ४१.९ मिमी मिळतात, म्हणजे ४ मिमीची मोकळीक. नळी १५ सेमीची असेल तर एवढ्या मोकळिकीने अडीच मीटरवरचा शेंडा ६ ते ७ सेमी हलतो. प्रत्येक झोताला दांडा नळीच्या काठावर आपटतो, काठ अ‍ॅल्युमिनियमला खाच पाडतो आणि छत्री मोडते ती त्याच खाचेवर.

आम्ही नळी ४० सेमीची घेतो, वर आणि खाली नायलॉनचे बुश, म्हणजे दांडा आणि नळीच्या मधे बसणाऱ्या कड्या, बसवतो, आणि एकूण मोकळीक १ मिमीवर आणतो. शेंड्याची हालचाल ६ मिमी उरते. लांब नळीचा दुसरा फायदा जोराच्या वाटणीत आहे: १६० न्यूटन-मीटरचा जोर १५ सेमीच्या नळीत वर-खाली १,०७० न्यूटनांनी दांडा चिमटतो, ४० सेमीच्या नळीत ४०० ने. बुशमुळे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकतही नाहीत. टेकले आणि ओल राहिली की अ‍ॅल्युमिनियम पांढरं फुगून दांडा नळीत असा अडकतो की कापूनच काढावा लागतो. लाकडी दांड्याला मोकळीक दीड मिमी ठेवावी, लाकूड पावसात फुगतं.

घट्ट करायचे स्क्रू दोन लागतात, एकाच उभ्या रेषेत नकोत. एक वर, दुसरा खाली आणि ९० अंश फिरवून. दोन्ही एका रेषेत असले तर दांडा आडव्या दिशेने मोकळाच राहतो. नळीला नुसता आटा पाडून भागत नाही, ३.२ मिमीत आटे फार थोडे बसतात. बाहेरून एम१० चा, म्हणजे १० मिमी आट्याचा, नट वेल्ड करायचा आणि स्क्रूच्या टोकाला पितळी किंवा नायलॉनची टोपी लावायची.

नळीच्या तळाला ८ ते १० मिमीचं भोक पाडायचं राहून गेलं तर ती वर्षभर पाणी साठवते. हे भोक चौकटीच्या प्लेटमधूनही आरपार गेलं पाहिजे. प्लेट १५० × १५० × ८ मिमीची आणि ४५ अंश फिरवून बसवलेली, म्हणजे तिचे कोपरे फुलीच्या हातांवर येतात आणि बाजू ठोकळ्यांच्या कापलेल्या कोपऱ्यांना समांतर राहतात. खालची प्लेट फुलीला वेल्ड केलेली, तिच्यावर एम१० चे चार स्टड, म्हणजे उभे वेल्ड केलेले आट्याचे दांडे. नळीला तशीच दुसरी प्लेट, वरून नट. नळी सुटी झाली की चौकट गाडीत आडवी मावते. नळी आणि प्लेटच्या जोडावर चार त्रिकोणी पट्ट्या लावल्याच पाहिजेत. तिथला वेल्ड एका मोठ्या झोताने तुटत नाही, रोजच्या हजारो लहान हेलकाव्यांनी तडकतो, आणि रंगाखाली तडा दिसत नाही.

चाकं, पाय, रंग

चाकं सगळ्यांना हवी असतात. ४० किलोची, ५० सेमीची बैठक कडेच्या चाकांवर तिरकी करायला ९८ न्यूटन-मीटर लागतात. ३५ सेमीच्या नळीला धरून ओढलं तर २८ किलोंचा जोर, १ मीटरचा दांडा खोचून ओढलं तर १०. हे ९८ न्यूटन-मीटर म्हणजे वाऱ्याला ती उलथवायला लागतो तोच जोर. जी बैठक हाताने सहज तिरकी होते ती वाऱ्यानेही होते. यातून पळवाट नाही. आमच्या ८३ किलोंच्या बैठकीला तिरकी करायला १ मीटरच्या दांड्यावरही ३३ किलो लागतील, म्हणून तिला चाकंच नाहीत, ती सुटी करून न्यायची. लहान बैठकीला चाकं लावायचीच असतील तर दोन, ७५ ते १०० मिमीची, आणि बैठक आडवी असताना जमिनीपासून ३ ते ५ मिमी वर. बैठक चार फिरत्या चाकांवरच उभी ठेवली तर कलंडण्याची रेषा चाकांवर सरकते, म्हणजे आत येते. ब्रेक असला तरी तो अंतर वाढवत नाही.

पायांना रबरी बूट लावायचे, ४० मिमीचे. फिकट फरशीवर साधं काळं रबर डाग सोडतं आणि तो डाग घासून जात नाही. डाग न पाडणारं करडं रबर मागून घ्यावं. एका पायाला उंची कमी-जास्त करणारा स्क्रू द्यावा, चारांना देण्यात अर्थ नाही, तीन पाय आपापलं बसतात आणि चौथाच जुळवायचा असतो. चौकटीला जस्ताचा गरम मुलामा उत्तम. बंद नळी असेल तर आधी भोकं हवीत, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती मुलामा देतानाच फुटू शकते. अ‍ॅल्युमिनियमचा कोणताही भाग ओल्या काँक्रीटमध्ये गाडू नये, काँक्रीटमधला क्षार त्याला खातो.

ओढून पाहणं

हिशेब कागदावर असतो, म्हणून प्रत्येक बैठक ओढून बघायची. छत्री मिटलेली, बैठक पूर्ण भरलेली. दांड्याला २.२ मीटरवर दोरी, दोरीत २५ किलोपर्यंतचा लटकता काटा, आणि कमजोर दिशेने, म्हणजे चौकटीच्या बाजूला काटकोनात, आडवं ओढायचं. विरुद्ध बाजूला दुसरी दोरी सैल धरून एक माणूस उभा हवाच. पलीकडचे पाय जमिनीवरून सुटतात त्या क्षणी काटा वाचायचा. आमच्या मापांना १५ किलो यायला हवेत. १२ आले तर तीन गोष्टी तपासायच्या: एखादा ठोकळा जमिनीला टेकलाय का, पाय ठरल्यापेक्षा आत बसलेत का, आणि पाय सुटण्याआधी फुलीच वाकतेय का. तिसरं असेल तर मधल्या प्लेटजवळचे वेल्ड बघायचे. दोरी खाली तिरकी ओढली तर आकडा खोटा येतो. ओढणारा उंचावर उभा राहिला पाहिजे किंवा दोरी खूप लांब घेतली पाहिजे.

हिरवळीवर किंवा ओल्या मातीवर ही परीक्षा पुन्हा घ्यावी. कलंडण्याच्या बेतात असताना सगळं वजन दोन बुटांवर येतं, चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलोंहून जास्त; भिजलेली माती एवढं झेलत नाही. पाय रुततो, चौकटीची कड टेकते, आणि छत्री तिरकी झाल्यामुळे वाऱ्याला कापडाची खालची बाजू आयती मिळते. १ मीटर चौरस, १८ मिमीचा प्लायवूड खाली घातला की पुरतं. मऊ वाळूवर तर बैठकीपेक्षा जमिनीत फिरवून घुसवायचा अणकुचीदार दांडाच बरा.

दिव्यांच्या माळेचा खांब

हीच बैठक माळेच्या खांबाला वापरता येते, पण तिथला जोर वेगळा आहे. वारा येतो-जातो, माळ चोवीस तास एकाच दिशेने ओढते. मीटरला ३०० ग्रॅमची माळ १० मीटर अंतरावर लावली आणि मध्ये ३० सेमी झोळ ठेवला, तर प्रत्येक टोकाला १२५ न्यूटनांची ओढ बसते. अडीच मीटर उंचीवर ती ३१२ न्यूटन-मीटर होते, म्हणजे बैठकीची जवळपास सगळी ताकद वारा येण्याआधीच संपली. झोळ ६० सेमी केला तर ओढ निम्मी, १५ सेमीवर ताणला तर दुप्पट. माळ सरळ दिसावी म्हणून ताणणारा माणूसच बहुतेक वेळा खांब पाडतो. मधल्या खांबांवर दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारते, अडचण फक्त टोकाच्या खांबांची.

तिथे वजनांची जागा बदलून काम होतं. चारही ठोकळे माळेच्या विरुद्ध बाजूच्या दोन खणांत, एकावर एक रचायचे. बैठकीचा गुरुत्वमध्य १५ सेमी मागे सरकतो, कलंडण्याच्या कडेपासूनचं त्याचं अंतर ३७ वरून ५२ सेमी होतं, आणि एकही किलो न वाढवता ताकद ४० टक्क्यांनी वाढते. वरच्या ठोकळ्याला काठाचा अडसर नसतो, म्हणून दोन ठोकळ्यांमध्ये रबराची शीट आणि वरून पट्टा आवळायचा. अशा खांबाची मागच्या दिशेची ताकद मात्र तेवढीच घटते, तिकडे २२ सेमीच उरतात. माळ उतरवायची असेल तेव्हा आधी वरचे दोन ठोकळे पुढच्या खणांत आणून बैठक सारखी करायची, तोवर एकाने खांब धरून ठेवायचा, आणि मगच माळेची गाठ सोडायची.